मिडीतला जिटर आणि अडखळणारी तर्री

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकरोडचे एक वादक जुन्या रोलंड एसपीडी-२० ऑक्टापॅडवरून (काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवरून) लॅपटॉपमधले ढोल-ताशाचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड करून ठेवलेले आवाज, वाजवतात. ऑक्टापॅडमधून पाच पिनांची मिडी केबल निघते (मिडी म्हणजे आवाज नव्हे, कुठली नोट किती जोरात वाजली याचे संदेश), पुढे बाजारातली स्वस्त यूएसबी-मिडी केबल, मग विंडोजचा लॅपटॉप, आणि ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे लॅपटॉपला जोडलेल्या आवाजाच्या डबीचा, बफर ५१२ वर. शेजारी एक कीबोर्ड, आणि लॅपटॉपच्या मिडी क्लॉकवर चालणारा एक ग्रूव्हबॉक्स, म्हणजे ठेके आपोआप वाजवणारं यंत्र. साधा ठेका ठीक वाटतो, पण तर्री, म्हणजे ताशाच्या जलद, सलग थापा, घेतली की थापा कधी पुढे, कधी मागे पडतात. ऑक्टापॅडचा स्वतःचा आवाज सोबत सोडला तर तीच थाप एकदा भरीव लागते, एकदा पोकळ. एकाने सल्ला दिला की नवा लॅपटॉप घ्या, दुसऱ्याने सांगितलं बफर ६४ वर आणा. काय करावं?

लॅपटॉप तूर्त घेऊ नका. बफरचा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि तो का अर्धाच बरोबर आहे हे कळलं की बाकीचं बरंच आपोआप सुटतं.

लेटन्सी म्हणजे थाप मारल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. जिटर म्हणजे तो उशीर दर थापेला बदलणं. दोन्ही मिलिसेकंदातच मोजतात म्हणून लोक त्यांना एकाच पोत्यात घालतात, पण वादकाच्या हाताला त्या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोलपथक बघा. पहिल्या आणि शेवटच्या रांगेत दहा मीटरचं अंतर असेल तर आवाजाला तेवढं जायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. तरी पथक एका हाताने वाजल्यासारखं वाजतं, कारण ते अंतर ठोक्यागणिक बदलत नाही. हात तेवढा उशीर जमेस धरतो. उशीर एका थापेला ४ आणि पुढच्या थापेला १४ मिलिसेकंद झाला, तर हाताला धरायला काहीच उरत नाही.

तर्रीतच हे का उघडं पडतं, तेही बघा. १४० च्या टेम्पोला एका बीटचे आठ भाग केले की दोन थापांमध्ये जेमतेम ५४ मिलिसेकंद राहतात. त्यात १० मिलिसेकंदांची मागेपुढे झाली तर थाप आपल्या जागेपासून जवळजवळ एक पंचमांश सरकली. साध्या ठेक्यात थापा ४००-४५० मिलिसेकंदांवर असतात, तिथे हाच दोष कानाआड जातो. म्हणजे तुमचा कान बरोबर सांगतोय आणि हातही बरोबर आहे.

आता बफर. संगणक आवाज सलग तयार करत नाही, तुकड्यातुकड्याने करतो. आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापं घेतली जातात आणि अशा प्रत्येक मापालाही सॅम्पलच म्हणतात; ५१२ सॅम्पलचा एक तुकडा, म्हणजेच बफर, ११.६ मिलिसेकंदांचा होतो. तुमची थाप या तुकड्याच्या मध्येच कुठेतरी येऊन पोहोचते. साधा प्रोग्राम काय करतो? गेल्या तुकड्याच्या काळात आलेल्या सगळ्या नोट्स पुढच्या तुकड्याच्या अगदी सुरुवातीला वाजवून टाकतो. त्यामुळे तुकडा संपता संपता आलेल्या थापेला थांबावं लागत नाही आणि नुकताच तुकडा सुरू झाल्यावर आलेल्या थापेला पूर्ण ११.६ मिलिसेकंद थांबावं लागतं. थापा ११.६ मिलिसेकंदांच्या जाळीवर जाऊन बसतात. लॅपटॉप कितीही वेगवान असला तरी ही जाळी तशीच राहते, कारण ती प्रोसेसरच्या ताकदीतून येतच नाही.

नीट लिहिलेला प्रोग्राम नोट आली तेव्हाची अचूक वेळ टिपून ठेवतो, म्हणजे टाइमस्टँप, आणि पुढच्या तुकड्यात तितक्याच अंतरावर ती नोट वाजवतो. सगळ्याच थापा एका तुकड्याने उशिरा येतात, पण सगळ्या सारख्याच उशिरा. मिडीतला जिटर काढण्याचे जेवढे चांगले उपाय आहेत, ते जवळपास सगळे याच तत्त्वावर उभे आहेत: घटनेवर वेळेचा शिक्का मारा, थोडा ठरावीक उशीर पत्करा आणि त्या बदल्यात समान अंतर मिळवा. म्हणून बफर ६४ वर आणला तर जाळी १.५ मिलिसेकंदांवर येते आणि तर्री सुधारते हे खरं. पण शिक्का मारणारा प्रोग्राम असेल तर २५६ वरही तर्री गुळगुळीत येते आणि स्टेजवर आवाज तडतडण्याची भीती राहत नाही.

तुमचा प्रोग्राम कुठल्या जातीचा आहे हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. मोजावं लागतं, आणि मोजायला तुमच्याकडे सगळं आहे.

ऑक्टापॅडचं ऑडिओ आउटपुट इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला लावा. लॅपटॉपमधून वाजणारा सॅम्पल इंटरफेसच्या आउटपुटमधून साध्या केबलने फिरवून दुसऱ्या इनपुटला आणा. दुसऱ्या इनपुटचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर शिटी घुमेल. दोन्हीकडे टोकदार सुरुवातीचा आवाज निवडा. रिमशॉट उत्तम, ढोल नको, कारण ढोलाच्या आवाजाची सुरुवात नेमकी कुठे हे लाटेत दिसत नाही. आता ऑक्टापॅडवर सावकाश चाळीस-पन्नास थापा मारा आणि दोन्ही ट्रॅक रेकॉर्ड करा. लय सांभाळू नका, उलट मुद्दाम अनियमित मारा, म्हणजे थापा बफरच्या वेगवेगळ्या जागी पडतील. मग लाट मोठी करून प्रत्येक थापेपाशी दोन ट्रॅकमधलं अंतर वाचा. दोन्ही ट्रॅक एकाच इंटरफेसच्या एकाच घड्याळावर रेकॉर्ड झालेत, म्हणून या मापावर शंका घ्यायला जागा नाही. पॅडला थापेचा जोर ओळखायला जो क्षण लागतो तोही दोन्हीकडे सारखाच असल्याने गळून जातो.

या अंतरांची सरासरी म्हणजे लेटन्सी. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या अंतरातला फरक, म्हणजे आकड्यांचा पसारा, हा जिटर. उदाहरणादाखल, १४.२, १४.९, १४.५, १४.८ असे आकडे आले तर सेटअप निरोगी आहे, उशीर थोडा जास्त आहे इतकंच. ९, १७, ११, १९ आले तर सरासरी फार वेगळी नाही, पण तर्री मेलीच.

ही चाचणी दोनदा करा, एकदा बफर ६४ वर आणि एकदा १०२४ वर. १०२४ वर फक्त सरासरी वाढली आणि पसारा तेवढाच राहिला, तर प्रोग्राम शिक्के मारतोय, रोग दुसरीकडे आहे. पसाराही बफरबरोबर वाढत गेला आणि २०-२३ मिलिसेकंदांपर्यंत पोहोचला, तर रोग प्रोग्रामातच. मग तेच इन्स्ट्रुमेंट स्वतंत्र न उघडता क्युबेस, रीपर किंवा एबलटन लाइव्हसारख्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये (याला होस्ट म्हणतात) प्लगइन, म्हणजे आत बसणारा जोड-प्रोग्राम, म्हणून उघडा आणि पुन्हा मोजा. प्लगइनला तुकड्याच्या आत नोट नेमकी कितव्या सॅम्पलला वाजवायची हे सांगण्याची सोय असते. थेट वाजवताना होस्ट ती वापरतो की नाही, हे तुमच्या मापातच दिसेल. इंटरफेसच्या कंपनीचा असिओ ड्रायव्हर (विंडोजवर कमी उशिरात आवाज पोहोचवणारा) असताना दुसरा कुठलाही ड्रायव्हर निवडू नका.

आता रोग दुसरीकडे निघाला असं धरू. पहिला संशय पाच पिनांच्या वायरवर येतो, म्हणून तिची क्षमता आकड्यात सांगतो. १९८३ साली ठरलेल्या मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटमागे दहा बिट जातात, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. एका नोटेचे तीन बाइट, म्हणजे जवळजवळ १ मिलिसेकंद. तुमच्या एकट्या ऑक्टापॅडला हा वेग पुरून उरतो; दोन हातांनी दोन पॅड एकदम वाजवले तरी दुसरी थाप फार तर एका मिलिसेकंदाने मागे पडेल. गडबड होते ती एकाच वायरवर गर्दी केल्यावर. कीबोर्डवर दहा बोटांचा कॉर्ड दाबला की ती वायर सात ते दहा मिलिसेकंद व्यापलेली असते. आफ्टरटच (दाबून धरलेल्या पट्टीवरचा दाब) किंवा पिच बेंड (सूर वरखाली वाकवणं) सुरू असेल तर संदेशांचा ओघ थांबतच नाही आणि ताशाची थाप त्या रांगेत मागे उभी राहते. तुम्ही कीबोर्ड आणि ऑक्टापॅड मर्जर, म्हणजे दोन मिडी वायरी एकत्र करणारी डबी, लावून एकाच पोर्टात आणले असतील तर आधी ते वेगळे करा. कीबोर्डवर आफ्टरटच वापरत नसाल तर तो कीबोर्डच्याच सेटिंगमध्ये बंद करा. लॅपटॉपमध्ये फिल्टर लावून उपयोग नाही, वायर तोपर्यंत भरलेली असते.

जाड, महागडी मिडी केबल घेऊन जिटर कमी होत नाही. केबल १५ मीटरच्या आत आणि पिना घट्ट असल्या की तिचं काम झालं.

स्वस्त यूएसबी-मिडी केबल मात्र खरा संशयित आहे. त्या फुगीर डबीच्या आत एक छोटा कंट्रोलर असतो. तो वायरवरचे बाइट गोळा करून यूएसबीवर पाठवतो, आणि सगळा खेळ तो हे किती तत्परतेने करतो यावर आहे. काही डब्या संदेश साठवून गठ्ठ्याने पुढे ढकलतात. काहींत मिडीच्या इनपुटला आवश्यक असलेला ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाने संदेश पलीकडे देणारा छोटा भाग, धडच नसतो, मग नोटा गळतात किंवा अडकून राहतात. तुमच्या ऑडिओ इंटरफेसच्या मागे पाच पिनांचं मिडी इनपुट आहे का ते आधी बघा. असेल तर ऑक्टापॅड थेट तिथे लावा आणि पुन्हा मोजा. इतक्यानेच काम झालं असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. नसेल तर ओळखीच्या एखाद्या स्टुडिओतून चांगला मिडी इंटरफेस एक दिवसासाठी आणा, मोजा, आकडा सुधारला तरच पैसे घाला.

यूएसबीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑडिओसाठी यूएसबीवर वेळ राखून ठेवलेली असते, मिडीसाठी नसते. मिडीचा डेटा उरलेल्या जागेतून जातो, त्याच वाटेने पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्कचाही जातो. जुन्या वेगाच्या यूएसबीची चौकट १ मिलिसेकंदाची आहे, हाय-स्पीडची १२५ मायक्रोसेकंदांची. तेवढा फरक कुणाच्या कानाला लागत नाही. पण एकाच हबवर मिडी, पेनड्राइव्ह आणि वेबकॅम लावून कार्यक्रमाच्या मध्येच गाणी कॉपी करायला घेतली तर लागेल. मिडीला लॅपटॉपचा स्वतःचा पोर्ट द्या.

विंडोजच्या बाबतीत यादी लांब असते, पण फरक पाडणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. चार्जर लावलेला हवा आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, कारण वीज वाचवण्यासाठी झोपलेला प्रोसेसर जागा व्हायला वेळ घेतो, आणि तो वेळ दर वेळी वेगळा असतो. पॉवर ऑप्शन्समधला यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. वायफाय नुसतं डिस्कनेक्ट न करता डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन डिसेबल करा. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम दहा-पंधरा मिनिटं चालवलात की कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतोय हे नावानिशी कळतं. वायफाय, ग्राफिक्स आणि बॅटरीचे ड्रायव्हर तिथे वारंवार दिसतात. आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही: विंडोजचा मूळ टायमर १५.६ मिलिसेकंदांचा आहे. संगीताचे प्रोग्राम तो १ मिलिसेकंदावर मागून घेतात. पण विंडोज ११ मध्ये प्रोग्रामची खिडकी मिनिमाइझ केली की ती बारीक मोजणी मिळेलच याची हमी नसते. मिडी बाहेर पाठवणारा प्रोग्राम डोळ्यांसमोर उघडा ठेवा.

आता ती भरीव-पोकळ थाप. तुम्ही दोन आवाज एकावर एक ठेवताय, ऑक्टापॅडचा आणि लॅपटॉपचा. सारखेच दोन आवाज १ मिलिसेकंदाच्या अंतराने मिसळले तर ५०० हर्ट्झपाशी ते एकमेकांना खोडतात. अंतर २ मिलिसेकंद झालं की तोच खड्डा २५० हर्ट्झवर येतो. दर थापेला अंतर बदलतं म्हणून खड्डा दर थापेला नव्या जागी पडतो, आणि ढोलाचा सगळा जीव त्याच पट्ट्यात असतो. जिटर १ मिलिसेकंदावर आणला तरी हे पूर्ण जाणार नाही. एकाच थापेसाठी दोन्हीकडून ढोल सोडू नका. थर हवाच असेल तर एकीकडून फक्त खालचा घुमारा आणि दुसरीकडून फक्त वरची कडक टिपरी अशी वाटणी करा, दोघांच्या फ्रिक्वेन्सी इक्वलायझरने वेगळ्या करून. पण तुमच्या जागी मी असतो तर कार्यक्रमात ताशा ऑक्टापॅडच्या आतल्या आवाजावरच ठेवला असता आणि लॅपटॉपकडे ढोलाचे मोठे, मोकळे ठोके दिले असते. तर्रीला लॅपटॉपची वाट बघायला लावायची गरजच काय?

ग्रूव्हबॉक्सचं दुखणं वेगळं आहे आणि त्याला बफरचे उपाय लागू पडत नाहीत. मिडी क्लॉक म्हणजे एका बीटला २४ टिक. १२० च्या टेम्पोला दोन टिकांमध्ये २०.८ मिलिसेकंद. टिकवर वेळ लिहिलेली नसते, ती येते तेव्हाच तिची वेळ. त्यामुळे लॅपटॉपला पाठवताना जेवढी ठेच लागली तेवढी ती जशीच्या तशी ग्रूव्हबॉक्सच्या लयीत उतरते. शिवाय क्लॉक आणि नोटा एकाच पोर्टातून जात असतील तर टिक नोटेच्या मागे अडकते. क्लॉकला स्वतंत्र पोर्ट द्या, आणि प्रोग्राममध्ये क्लॉक इतर पोर्टांवर विनाकारण जात असेल तर तिथून काढा. एबलटनमधला सिंक डिले हलवून सरासरी उशीर जुळतो. थरथर तेवढीच राहते, म्हणून त्यात रात्र घालवू नका.

खात्रीचा उपाय ऑडिओतून जातो. ऑडिओ आउटपुट इंटरफेसच्या क्रिस्टलवर, म्हणजे त्याच्या आतल्या अचूक घड्याळावर, चालतं. ४८,००० ला एक सॅम्पल म्हणजे २१ मायक्रोसेकंद. म्हणून एक ट्रॅक नुसत्या पल्सचा करायचा, तो इंटरफेसच्या रिकाम्या आउटपुटमधून बाहेर काढायचा आणि त्याचं मिडी क्लॉक करणाऱ्या डबीला द्यायचा. ई-आरएमचं मल्टीक्लॉक हे त्या कामाचं यंत्र; एक्स्पर्ट स्लीपर्सचं उसामोही तेच काम करतं, फक्त त्याला साध्या पल्सऐवजी त्याच्याच प्लगइनमधून निघालेला ऑडिओ द्यावा लागतो. दोन्ही स्वस्त नाहीत. पण ग्रूव्हबॉक्सला कोर्ग व्होल्कासारखं सिंकचं छोटं जॅक असेल तर डबीशिवायही भागतं. व्होल्काला बीटमागे दोन पल्स लागतात; तेवढ्या पल्सचा ट्रॅक पुरेशा जोरात थेट त्या जॅकला दिला की झालं. हेही नको असेल तर ग्रूव्हबॉक्सचा आवाज आधीच ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करून कार्यक्रमात तोच ट्रॅक वाजवा. लग्नाच्या कार्यक्रमात मी हाच मार्ग सुचवेन.

मॅक आणि लिनक्सबद्दल विचारणारेही भेटतात म्हणून चार ओळी. मॅकवर कोअर मिडी प्रत्येक संदेशासोबत वेळ ठेवतं, त्यामुळे तिथे कमी खटपटीत चांगले आकडे येतात, पण स्वस्त केबल तिथेही तितकीच वाईट. लिनक्समध्ये रिअलटाइम कर्नलसाठी (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा; रिअलटाइम म्हणजे ठरल्या वेळी काम करणारा) पूर्वी वेगळा पॅच लावावा लागे. २०२४ साली ६.१२ आवृत्तीपासून ती सोय मूळ कर्नलमध्ये आली. ब्लूटूथ मिडी स्टेजवर ताशासाठी वापरू नका: आज वापरात असलेल्या बहुतेक यंत्रांत दोन यंत्रांच्या गाठीभेटींमधलं किमान अंतरच ७.५ मिलिसेकंद आहे, प्रत्यक्षात बहुधा त्याहून जास्त, आणि गर्दीत शेकडो मोबाइल आजूबाजूला असतात. २०२० साली जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये जिटर कमी करण्यासाठीच खास टाइमस्टँपची तरतूद आहे, ३२ मायक्रोसेकंदांच्या बारकाव्याची. ती दोन्ही बाजूंच्या यंत्रांनी पाळली तरच कामाची. एसपीडी-२० ला तिचा उपयोग नाही. जुने स्टुडिओवाले १९८५ च्या अटारी एसटीची आठवण काढतात ती याच कारणाने. त्या संगणकाला मिडीचे पोर्ट अंगातच होते, प्रोसेसर आणि वायर यांच्यामध्ये यूएसबी आणि ड्रायव्हरांचे थर नव्हते.

रेकॉर्डिंग करताना जिटर लपवायला शंभर टक्के क्वांटाइझ करू नका, म्हणजे प्रत्येक नोट ठरलेल्या जाळीवर (ग्रिडवर) ओढून बसवू नका. ताशेवाला समेकडे जाताना थापा किंचित दाटीने घेतो; ती दाटी ग्रिडवर गेली की तर्री टाइपरायटरसारखी वाजते. त्यापेक्षा मिडीबरोबर ऑक्टापॅडचा ऑडिओही दर टेकला रेकॉर्ड करत जा. कुठली मिडी नोट सरकलीय असं वाटलं तर ऑडिओतल्या खऱ्या थापेशी ती जुळवून घेता येते. क्युबेसमध्ये सगळ्याच नोटा एकाच दिशेने सरकून रेकॉर्ड होत असतील तर मिडी पोर्टच्या सेटिंगमधला सिस्टिम टाइमस्टँपचा पर्याय बदलून बघा.

कामाचा क्रम माझ्या मते असा ठेवा: आहे त्या सेटअपवर आधी माप, मग ऑक्टापॅड इंटरफेसच्या मिडी इनपुटला, मग प्रोग्राम किंवा होस्ट बदलून माप, मग विंडोजची साफसफाई. दर वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडे वहीत लिहा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पसारा २ मिलिसेकंदांच्या आत आला की थांबा. त्यापुढचा खर्च तर्रीत ऐकू येणार नाही. आणि शेवटचं माप गार लॅपटॉपवर पाच मिनिटांत उरकू नका. कालिदास कलामंदिरातल्या एसीत प्रोसेसर जसा चालतो तसा मे महिन्यात गंगापूर रोडच्या एखाद्या लॉन्सवर, लाइटांच्या झोताखाली चालत नाही. तापला की तो स्वतःचा वेग उतरवतो आणि तडतड तिथूनच सुरू होते. कार्यक्रमाचा पूर्ण प्रोजेक्ट तासभर चालू ठेवून, लॅपटॉपला हात लावून गरम लागल्यावर ते माप घ्या, आणि बफर त्या आकड्यांवरून ठरवा.